वाचकांचे प्रश्न : चाकणला जावे, की उद्यमबागेतच राहावे?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका गावचा. मराठी माध्यमातून दहावी झाल्यावर आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड पूर्ण केला. गेली चार वर्षे चार महिने बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर आहे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आणि जादा तास धरून हातात १८,००० रुपये पडतात. त्यातले अडीच हजार पेट्रोलला जातात. आठवड्यातून तीन-चार वेळा बारा तासांची पाळी होते, पण जादा तासांचे पैसे साध्याच दराने मिळतात. चाकणला ठेकेदारामार्फत २६,००० रुपये सीटीसीची नोकरी मिळते आहे. तिथे खोलीभाडे आणि मेस मिळून ८,००० लागतील, असे मित्र सांगतो. इथे बढती नाही, आणि मोठ्या कंपनीत मुलाखतीला जायचे म्हटले की इंग्रजी-कन्नडची धास्ती वाटते. कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील २६,००० आणि १८,००० हे आकडे एका जातीचे नाहीत, ही गोष्ट आधी लक्षात घ्या. १८,००० ही हातात पडणारी रक्कम आहे, तर सीटीसीमध्ये कंपनी तुमच्यावर करणार असलेला सगळा खर्च धरलेला असतो. मूळ वेतन १५,००० धरले तर भविष्य निर्वाह निधीत तुमच्या वाट्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० आणि कंपनीच्या वाट्याचे तेवढेच असे ३,६०० रुपये त्यातून जातात, महाराष्ट्रातील व्यवसाय कर २०० रुपये वजा होतो, आणि बोनस किंवा गणवेशाची रक्कम सीटीसीत घातलेली असेल तर तीही दरमहा हातात येत नाही. फार तर २२,००० रुपये उरतील, त्यातून खोली आणि मेस गेली की १४,००० राहतील. घरी राहून पेट्रोल वजा जाता तुमच्याजवळ आज १५,५०० राहतात. म्हणजे केवळ पैशासाठी चाकणला जाण्यात आज तरी अर्थ दिसत नाही, आणि गावी येण्या-जाण्याचा खर्च तर मी धरलेलाच नाही.

दुसरा हिशेब ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा. एकाच ठिकाणी पाच वर्षे सलग नोकरी झाली की तिचा हक्क मिळतो, आणि तुम्हाला त्यासाठी आठ महिनेच उरले आहेत. दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, तेही महिन्याचे सव्वीस दिवस धरून, असा तिचा नियम आहे; तुमच्या १३,००० रुपयांवर पाच वर्षांचे ३७,५०० रुपये होतात. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला हा कायदा लागू आहे. आठ महिन्यांसाठी एवढी रक्कम सोडून देण्याइतकी चाकणची नोकरी मोठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र हे आठ महिने नुसते ढकलू नका, कारण तुमची खरी अडचण पगाराची नसून ऑपरेटर या पायरीवर अडकून पडण्याची आहे. ऑपरेटर दुसऱ्याने लावून दिलेल्या मशीनवर जॉब (बनवायचा भाग) चढवतो आणि उतरवतो; सेटर ड्रॉइंग वाचून टूल निवडतो, जॉ (जॉब पकडणारे जबडे) बसवतो, ऑफसेट (टूलच्या मापाचा दुरुस्ती-आकडा) घेतो आणि पहिला जॉब मापात आणून देतो. मुलाखतीत याच गोष्टीची परीक्षा होते. बहुतेक ठिकाणी समोर एक ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर ठेवून विचारतात की, बाहेरचा व्यास मापापेक्षा ०.०४ मिलीमीटर जास्त आला तर काय कराल? मशीनवर ऑफसेट व्यासाच्या हिशेबाने भरायचे असतील, तर वेअर ऑफसेटच्या (टूलची झीज भरून काढण्याच्या) पानावर त्या टूलच्या एक्स अक्षाला उणे ०.०४ द्यायचे, हे तुम्ही रोज पाहता. पण ते पान तुम्ही स्वतः कधी उघडले आहे का? नसेल, तर तुमच्या पाळीच्या सेटरला विनंती करून, पाळी संपल्यावर अर्धा तास थांबून, आठवड्यातून दोन वेळा त्याच्या हाताखाली सेटिंग करा. टूलची धार झिजली की माप कोणत्या दिशेला सरकते आणि कास्टिंगमध्ये कठीण जागा आली तर इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे पाते) का तुटतो, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, की तुमचे इंग्रजी कच्चे असले तरी समोरचा माणूस ऐकून घेतो. ड्रॉइंगवरील चिन्हांना आणि अंकांना भाषेची अडचण नाही.

बेळगावात शासनाच्या जीटीटीसी या प्रशिक्षण केंद्रात टूलरूम आणि सीएनसीचे अभ्यासक्रम चालतात. त्यांची चौकशी स्वतः जाऊन करा. हत्तरगीजवळच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनतात, आणि तिथे ऑपरेटरकडूनही मोजमापाची नोंद काटेकोरपणे ठेवण्याची अपेक्षा असते. तुम्ही खानापूरकडचे असल्याने तिथे राहण्याची सोय पाहावी लागेल, पण चाकणइतके घर तुटणार नाही.

कन्नडविषयी मोकळेपणाने लिहितो. आपल्या भागात हा विषय निघाला की मने दुखावतात, आणि मराठी घरातील मुलाला तो का टोचतो हे मला पुरेपूर कळते. तरीही कन्नड बोलता येणाऱ्या माणसाने लिपी शिकायचे टाळू नये, कारण सुरक्षेच्या सूचना, नोटिशी, कामगार खात्याचे कागद हे सगळे कन्नडमध्ये येते, आणि आपल्या हक्काचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणे हे फार मोठे परावलंबन आहे. मराठी, कन्नड आणि कामापुरती हिंदी ज्याला येते, तो पाळीचा प्रमुख म्हणून इथे सहज चालतो. दुकानांच्या पाट्या आणि बसवरील गावांची नावे वाचण्यापासून सुरुवात करा. रोज थोडा वेळ दिला तर काही महिन्यांत नोटीस वाचता येईल.

जादा तासांबाबत : आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि त्यापुढील कामाला दुप्पट दराने पैसे देणे बंधनकारक आहे. तुम्ही एकट्याने मालकाशी भांडण काढा, असे मी सांगणार नाही. मात्र आजपासून वहीत रोजची येण्या-जाण्याची वेळ लिहा, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि उमंग ॲपवर भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडून दरमहा रक्कम जमा होते की नाही ते तपासा. पुढे नोकरी सोडताना किंवा कामगार खात्यात जाण्याची वेळ आली, तर याच नोंदी उपयोगी पडतील. राजीनामा लेखी द्या, अनुभवपत्र मागून घ्या, आणि नव्या ठिकाणी जुनाच यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायम) क्रमांक द्या. इथली पाच वर्षे पूर्ण झाल्यावर चाकणहून ठेकेदाराशिवाय, थेट कंपनीच्या पटावर सेटरची जागा मिळाली, तर अवश्य जा.

प्रश्न : मी चिकोडी तालुक्यातील एका सौहार्द (सहकारी पत) सोसायटीत सहा वर्षे लिपिक आहे. बी.कॉम. झाले आहे. नवे शाखाधिकारी आल्यापासून रात्री दहाला फोन येतात, पिग्मीच्या (एजंट रोज गोळा करतात त्या छोट्या ठेवींच्या) हिशेबातील फरकावरून ग्राहकांसमोर बोलणी खावी लागतात, आणि आता नातेवाइकांकडून ठेवी आणण्याचा आग्रह आहे. दोन महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते, रविवारी संध्याकाळी छातीत धडधडते. सासरचे म्हणतात, एवढी चांगली नोकरी सोडू नकोस. सोडू का?

उत्तर : ताई, हा निर्णय या महिन्यात घेऊ नका. आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण धडधड आणि झोप मोडणे यामागे शरीराचेही कारण असू शकते आणि ते औषधाने बरे होते. तपासण्या नीट निघाल्या तरी त्रास खराच आहे, तो मनाचे खेळ म्हणून झटकू नका. टेली-मानस ही शासनाची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येते. तिथे फोन केल्याने तुमच्यावर कोणताही शिक्का बसत नाही.

आता कामाचे. एजंट उशिरा रोकड घेऊन येतात, त्यांच्या यंत्रातील बेरीज आणि हातातील नोटा जुळत नाहीत, आणि तो फरक रात्री तुमच्या फोनवर येतो, असा या त्रासाचा उगम मला दिसतो. म्हणून शाखाधिकाऱ्यांना एकांतात भेटून, सोबत छोटे पत्र देऊन सुचवा की, सायंकाळी ठरलेल्या वेळेनंतर आलेली रोकड दुसऱ्या दिवशीच्या तारखेला घ्यावी आणि प्रत्येक एजंटने जुळवणीच्या कागदावर सही करूनच जावे. ग्राहकांसमोर बोलू नये, हेही त्याच भेटीत शांतपणे सांगा. फरक पडला नाही तर सचिवांकडे लेखी जा.

नातेवाइकांच्या ठेवींबाबत मी ठाम आहे : स्वतःच्या शब्दावर एकही ठेव आणू नका. बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो. सोसायटीतील ठेवींना तो नाही. उद्या पैसे अडकले तर माहेरची माणसे तुमच्याच दारात येतील.

आणि हातात पर्याय असला म्हणजे बोलताना आवाज कापत नाही. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि जीएसटीचे काम शिका. निपाणीचा व्यापारी कागलला माल पाठवतो तेव्हा ती आंतरराज्य विक्री ठरते, तिला आयजीएसटी लागतो आणि ५०,००० रुपयांवरील मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला) काढावे लागते, त्यामुळे सीमेवरच्या पेठांत दोन्ही भाषा आणि हे नियम जाणणारी हिशेबनीस व्यापाऱ्यांना आणि सनदी लेखापालांच्या कार्यालयांना हवीच असते. तशी जागा हातात आली आणि तोपर्यंत इथले वागणे सुधारले नसेल, तर सासरच्यांना समजावून खुशाल सोडा.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा आहे, पदवीनंतर चार वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आहे. किती दिवस थांबावे? (बेळगाव शहरातील एक पालक)

उत्तर : वयोमर्यादेकडे पाहून. केंद्रीय निमलष्करी दलांतील शिपाई भरतीची परीक्षा आता मराठीतूनही देता येते, पण खुल्या प्रवर्गाला तिची मर्यादा २३ वर्षे आहे, म्हणजे ती वाट मागे पडली. कर्नाटक शासनाच्या जागांसाठी कन्नडची अट आहे. ती तयारी त्याने केली आहे का, हे आधी विचारा. केली नसेल तर नुसता सामान्य ज्ञानाचा अभ्यास वाढवून उपयोग नाही. ज्या परीक्षांना तो अजून बसू शकतो त्यांची यादी, प्रत्येकीची शेवटची संधी आणि वय, हे सारे त्यालाच कागदावर मांडू द्या, आणि तोपर्यंत सकाळी अभ्यास, दुपारनंतर पगाराचे एखादे काम, अशी वाटणी त्याच्याशी बोलून ठरवा.