‘क्यूसी फेल’ झालं, आता अटक होईल का?

प्रश्न : फेसबुकवर जाहिरात बघून मी घरबसल्या डेटा एंट्रीचं काम घेतलं. पैसे भरायचे नव्हते. आधार, पॅन आणि फोटो पाठवायचा, मोबाइलवरच करारनाम्यावर सही करायची. पाच दिवसांत ४८० फॉर्म, अचूकता ९० टक्के आली तर १८,००० रुपये. रात्री जागून सगळे भरले. नंतर ‘क्यूसी फेल’, म्हणजे दर्जा-तपासणीत काम नापास, म्हणून करारभंगाचे ६,८०० मागितले. घाबरून मी ३,००० पाठवले. आता व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस आली आहे : ४८ तासांत ४२,००० भरा, नाहीतर कलम ४२० आणि १३८ खाली अटक, शिवाय सिबिल (कर्जाची पत) खराब करू. घरी काहीच सांगितलेलं नाही. काय करू? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आता एक रुपयाही पाठवायचा नाही. ३,००० मिळाले म्हणूनच ६,८०० चे ४२,००० झाले. ४२,००० दिलेत, तर पुढे ‘केस मागे घेण्याची फी’ निघेल.

तुमचं काम कमी पडलं, हे डोक्यातून काढा. ते फॉर्म कुणालाच नको असतात. अंधुक चित्र बघून मजकूर टाइप करायचा, स्वल्पविराम चुकला तरी चूक धरायची आणि ‘क्यूसी रिपोर्ट’ मागितला तर तो दाखवायचा नाही, अशी ही रचना आहे. यात सगळे नापासच होतात, कारण यांची कमाई दंडावर चालते. आधी पैसे मागणारा फसवतो हे आता लोकांना कळलंय, म्हणून हे सुरुवातीला काही मागत नाहीत. मागतात ती सही, आणि नंतर तिचीच भीती घालतात.

नोटीस पाठवलीत ते बरं केलंत. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. तुमचा करार त्यानंतरचा, म्हणजे ४२० इथे येतच नाही. आजचं फसवणुकीचं कलम ३१८. कलम १३८ तर परक्राम्य संलेख अधिनियमातलं, चेक न वटल्याबद्दलचं. तुम्ही चेक दिलाय कुठे? सिबिलकडे माहिती जाते ती बँका आणि वित्तसंस्थांकडून. दंड मागणाऱ्या कुठल्याशा ‘इन्फोटेक’ला तिथे दारही उघडत नाही. वकिलाच्या लेटरहेडवर सिंहमुद्रा आणि खाली ‘न्यायालयाचा’ गोल शिक्का आहे. खरा वकील असं करणार नाही. नोटिशीवर सनद क्रमांक (वकिलाचा नोंदणी क्रमांक) नाही, पत्ता अर्धवट आहे, आणि पैसे भरायला क्यूआर कोड मात्र ठळक आहे!

समजा, नोटीस खऱ्या वकिलाची निघाली, तरी वकिलाची नोटीस म्हणजे एका पक्षाचं पत्र, न्यायालयाचा हुकूम नव्हे. खटला दाखल झाला असेल तर त्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्स अ‍ॅपवर टाकला की खटला दिसतो. समोरच्याने फोन केला तर एवढंच म्हणा, ‘सीएनआर पाठवा.’ पोलिसांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली तरी बिचकू नका. हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता तुमच्या सहीबद्दल. मोबाइलवर केली म्हणून ती आपोआप रद्द ठरते, असं मी सांगणार नाही. ऑनलाइन करारही करारच असतो. पण निव्वळ करारभंग हा दिवाणी मामला, त्यात अटक नसते. फसवून घेतलेली संमती भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ नुसार फसलेल्या पक्षाला नाकारता येते. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो वसूल होतो असंही नाही. कलम ७४ खाली न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. तुमच्या करारात ६,८०० आहेत, मग ४२,००० आले कुठून, याचं उत्तर त्यांच्याकडेही नसेल.

आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येतात. दिवस उलटले असतील तर ३,००० परत येण्याची फार आशा धरू नका. बँकेकडूनही भरपाईची अपेक्षा नको, कारण रक्कम तुम्ही स्वतः पाठवलीत. तरीही तक्रार हवीच. उद्या तुमच्या कागदपत्रांवर काही उद्योग झाला, तर आधीच कळवल्याचा पुरावा हाताशी राहील. आणि कृपा करून चॅट डिलीट करू नका. नंबर ब्लॉक करायचा तो स्क्रीनशॉट काढून, चॅट एक्सपोर्ट करून झाल्यावर.

पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ असं ऐकावं लागण्याची शक्यता आहे. म्हणून लेखी अर्ज न्या आणि त्यात न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक), ३०८ (खंडणी) आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं ६६ड (तोतयेगिरी) लिहा. पोचेचा शिक्का घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा.

मला या ३,००० पेक्षा तुमच्या आधार-पॅनची जास्त काळजी वाटते. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा आणि अनोळखी असेल ते बंद करायला सांगा. क्रेडिट रिपोर्ट सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एकदा फुकट मिळतो. आता एक काढा, काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा काढा. न घेतलेलं कर्ज दिसलं तर लगेच कळवा.

पुढे असं काम घेताना कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव शोधाच, पण नाव सापडलं म्हणून भरवसा ठेवू नका. नोंदणी कुणालाही करता येते. मी तर आधी करारातलं दंडाचं कलम वाचायला सांगेन. काम नापास ठरवणार कोण, कशावरून, आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची, हे लिहिलेलं नसेल तर सही करू नका.

घरी आजच सांगा. पुढचा फोन तुमच्या यजमानांना किंवा सासऱ्यांना येऊ शकतो. त्यांना हे प्रकरण परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे.

आणि कधी खरंच न्यायालयाचं समन्स आलं, तर ते मात्र टाळू नका. ई-कोर्ट्सवर खात्री करा आणि बार्शी न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना करारनामा, नोटीस आणि तक्रारीची पोच घेऊन जा.