पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची, तर पायथॉन २ ही जुनी आवृत्ती आधी शिकू की थेट पायथॉन ३?

थेट पायथॉन ३. पायथॉन २ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला. हाताशी असलेल्या पुस्तकात 'प्रिंट' ही आज्ञा कंसाशिवाय लिहिलेली दिसली, तर ते पुस्तक पायथॉन २ चं आहे, बाजूला ठेवा.

मराठी मजकुरावर काम करायचं असेल तर दुसरा विचारच नको. पायथॉन ३ मध्ये स्ट्रिंग (प्रोग्राममधला मजकूर) मुळातच युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) असते. 'नमस्ते'ची लांबी ६ येते (हलन्त आणि मात्रा वेगळे धरून). पायथॉन २ ची साधी स्ट्रिंग यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) चे बाइट मोजून १८ सांगायची. भागाकारही सुधारला: ५/२ चं उत्तर २.५ येतं, पूर्वी नुसतं २ यायचं.

पायथॉन ३ ची ३.१२ आवृत्ती घ्यावी की ३.१३ यावर मात्र डोकं शिणवू नका, सुरुवातीचा अभ्यास दोन्हींत सारखाच चालतो. नोकरीत जुना कोड सांभाळायची वेळ आलीच, तर २ मधले फरक तेव्हा शिकता येतील.