जुना सर्व्हर घरी आणण्याआधी
महापेच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला डेलचा आर७२० सर्व्हर स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच हो म्हणू नकोस. आधी विजेचा हिशोब कर. असं मशीन रिकामं बसूनही १५० वॅट ओढू शकतं. चोवीस तास चालू ठेवलंस तर महिन्याला १०८ युनिट. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर चढतो, त्यामुळे घरचा वापर धरला तर हे युनिट वरच्याच दराने पडणार. वन बीएचकेत १यू, म्हणजे सगळ्यात चपट्या मापाचा सर्व्हर तर नकोच, त्याचे ४० मिलिमीटरचे पंखे बंद दाराआडूनही झोपू देत नाहीत.

नुसते फोटो ठेवायला जुना छोटा डेस्कटॉप पुरतो. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) आणि आयड्रॅक (डेलचा सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) हाताने शिकायचं असेल तर मात्र जरूर घे, आणि अभ्यासापुरताच चालू कर. घेताना डिस्कचे ट्रे आणि दोन्ही पॉवर सप्लाय तपास.