ट्रॅक डेसाठी रेसिंग अलॉयला टिकाऊ व्हील नट कोणते घ्यावेत? स्टील, अ‍ॅल्युमिनियम की टायटॅनियम?

धातू कुठला ते नंतर बघू, आधी नटाचं बूड बघा. रिमच्या भोकात जाऊन बसतं ते. माझं भांडण तिथलंच आहे आणि ते पाच वर्षं आमच्या दाजींशी चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

माझी गाडी जुनी होंडा सिटी, १.५ व्हीटेक, १०६ बीएचपीवाली. होंडाचे कंपनीचे नट गोल बुडाचे असतात, बॉल सीट. बाहेरचे अलॉय बहुतेक सगळे ६० अंशांच्या कोनाचे. आटे दोन्हीकडे तेच, एम१२ बाय १.५ (१२ मिलिमीटर जाडी, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर), त्यामुळे नट सुरसुर आत जातो, घट्टही होतो आणि बघणाऱ्याला वाटतं झालं काम. पण गोल बूड कोनात नुसतं एका बारीक रेघेवर टेकतं. पूर्ण तोंडावर बसतच नाही.

तर झालं असं की मी पुण्याहून सेकंडहँड १५ इंची अलॉय आणले, सोबत नट नव्हते. दाजींचं टायरचं दुकान आहे, तिथंच चढवले. मी म्हटलं, दाजी, ह्याला नट वेगळे लागतील का बघा की. तर म्हणाले, "नट तो नट, त्यात काय एवढं बघायचं?" इम्पॅक्ट गनने (नट आवळायचं मशीन) आवळले, वर पाना लावला, पान्याला दोन फुटी पाइप घातला आणि त्यावर उभे राहिले. उभे. दाजी ७५ किलोचे (आदरानं कमी सांगतोय), पाइप ०.६ मीटर, म्हणजे ४४० न्यूटन मीटरच्या आसपास. नट आवळायच्या जोराचा, म्हणजे टॉर्कचा, होंडाचा आकडा १०८ आहे. नट ज्यावर चढतो तो हबमधला आट्यांचा दांडा म्हणजे स्टड; १०.९ ग्रेडच्या पोलादाचा एम१२ स्टड कोरड्या आट्यांवर साधारण १७५ ला आपल्या मर्यादेला येतो, त्याच्या पुढं ताणला की परत मूळ लांबीवर येत नाही, आणि ताणलेला स्टड चाक दाबून धरत नाही. मी स्वतः शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर आहे, रोज आटे पाडतो, हे सगळं मला कळत होतं आणि तरी गप्प उभा राहिलो, कारण ते दाजी. बहिणीच्या नवऱ्याला त्याच्याच दुकानात, पोरांच्या देखत कोण शिकवणार?

कोल्हापूर ते कोइमतूर हजाराच्या आसपास किलोमीटर गाडी चालवत गेलो, काहीही झालं नाही. ह्याच मुद्द्यावर दाजी अजून भांडतात, की तिथवर गेलीच ना! गेली. हायवेला चाकाला काय होतं हो, सरळ फिरत राहतं. ट्रॅकवर ब्रेक तापतो, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) तापतो, अ‍ॅल्युमिनियमचं रिम स्टडपेक्षा जास्त फुगतं, सेशन संपलं की परत आक्रसतं, शिवाय प्रत्येक वळणात आडवा जोर. नट ज्या रेघेवर टेकलाय ती रेघ हळूहळू चेपत जाते आणि दाब निघून जातो.

कोइमतूरच्या करी स्पीडवे ह्या रेसट्रॅकवर पहिलं सेशन मजेत गेलं. दुसऱ्यात चौथ्या लॅपला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर. मला वाटलं टायरला रबराचे तुकडे चिकटले असतील. पुढच्या लॅपला डावीकडून कट् कट्, वळणात वाढणारं, सरळ आलं की थांबणारं. पिटमध्ये आलो. पुढचं डावं चाक. दोन नट बोटानं फिरले. बोटानं! तिसरा जागेवर होता आणि चौथ्याचा स्टडच नव्हता, नटासकट कुठं उडाला देव जाणे. चाक काढलं तर भोकांच्या कडेला एक चकचकीत कडं, आतलं अ‍ॅल्युमिनियम लोण्यासारखं सरकलेलं, आणि एक भोक तर सरळ सरळ लंबगोल. शेजारच्या पिटमधल्या एका तमिळ मेकॅनिकनं माझा नट उचलला, त्याचं गोल बूड माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मला तमिळ येत नाही, पण त्याची गरजच पडली नाही. उरलेला दिवस स्टड शोधण्यात गेला, रिम भंगारात. घरी येऊन सांगितलं तर दाजी म्हणतात, "तू ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चढवली असशील." तेव्हापासून दर लग्नाकार्यात हा विषय निघतो.

बरं, तुमचा प्रश्न.

अ‍ॅल्युमिनियम: रंगीत दिसतात म्हणून मीही नंतर घेतले होते, लपवत नाही. चार-पाच वेळा काढघाल झाली की कोपरे गोल, सॉकेट घसरायला लागतो. बहुतेक ७०७५ ह्या कडक जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात, आणि ते ज्या तापमानाला बराच वेळ तापवून (एजिंग करून) कडक केलेलं असतं तेच १२० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे तापलेल्या हबवर ते हळूहळू मऊच पडणार. वजन म्हणाल तर सोळा नटांत जेमतेम अर्धा किलो वाचतो, तोही चाकाच्या मध्याजवळ, जिथं त्याचा फिरण्यावर काही फरक पडत नाही. त्यापेक्षा डिकीतली स्टेपनी काढून ठेवा. टायटॅनियम: पैसे जास्त झाले असतील तर घ्या, पण स्टडवर आटे धरून बसतं, अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचं वंगण) लावावं लागतं, आणि अँटीसीझ लावलं की त्याच टॉर्कला स्टडवर ताण जास्त येतो, मग आकडा कमी करा, किती कमी ते ठरवा, कशाला ती कटकट. फोर्ज्ड क्रोमोली स्टीलचे (क्रोमियम-मोलिब्डेनम घातलेलं, ठोकून घडवलेलं पोलाद) घ्या, विषय संपला. वरून पत्र्याची चमकती टोपी बसवलेले नकोत, टोपी फुगते आणि ऐन वेळी सॉकेट बसत नाही. बुडावर जाड क्रोम असलेले नकोत, तो पापुद्रा निघून मध्ये अडकतो की दाब गेला. चावी लावून काढायचे बारीक खाचांचे ट्यूनर नट तर अजिबात नकोत, चावी तुटली की बसा ट्रॅकवर.

लांब स्टड टाकले असतील तर आरपार उघडे नट घ्या. बंद नटात लांब स्टड आतून टोपीला टेकतो, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला खटका देणारा पाना) खटका देतो आणि चाक मात्र सैल. आटे किमान स्टडच्या जाडीइतके पकडले पाहिजेत, एम१२ ला १२ मिलिमीटर, म्हणजे १.५ च्या आट्याला आठ पूर्ण फेरे. मारुतीवाले जपून, तुमचा आटा १.२५ चा, होंडा-टोयोटाचा १.५ चा, दुकानदार खुशाल एकाच डब्यात ठेवतो.

बूड बसतंय का हे बघायला काही लागत नाही. नटाच्या कोनावर मार्कर फासा, हलकं आवळा, काढा. शाई रुंद पट्ट्यात पुसली गेली तर बरोबर, बारीक रेघ दिसली तर तो नट त्या रिमचा नाही. हे मी दाजींना दुकानात करून दाखवलंय, त्यांच्याच मार्करनं. ते म्हणाले, "शाईच खराब आहे." गेल्या दिवाळीला टॉर्क रेंच भेट दिला. भिंतीला टांगलाय, प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

गन वाईट असं मी म्हणत नाही, काढायला वापरा, पण सरळ बसवा. २०२१ ला मोनॅकोच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये बोटास ह्या ड्रायव्हरच्या मर्सिडीजचा नट गननं असा खाल्ला की चाक पिटमध्ये निघालंच नाही, रेस तिथंच संपली, आणि ते तर जगातलं भारीतलं भारी पिट क्रू. आवळताना हातानं, थंड हबवर, टॉर्क रेंचनं, पहिल्या सेशननंतर गार झाल्यावर पुन्हा तपासा. एका नटाचे आटे गेले तर त्याचा स्टडही बदला, नुसता नट नको.

आता हे सगळं माझ्या एक टनाच्या गाडीवरून सांगतोय. आणि पोलो असेल तर वरचं निम्मं सोडून द्या, तिथं नटच नाहीत, बोल्ट आहेत, एम१४ बाय १.५, गोल बुडाचे, १२० न्यूटन मीटर. बाहेरचे अलॉय लावायचे तर कोनाचे बोल्ट नाहीतर सरळ स्टड कन्व्हर्जन, म्हणजे बोल्ट काढून स्टड आणि नट. गाडी कुठली ते तुम्ही प्रश्नात लिहिलंच नाही, ते आधी लिहा.