इंटरनेटला वीज-पाण्यासारखी अत्यावश्यक सेवा म्हणावं का?

म्हणावंच लागेल. रील्ससाठी नव्हे, सरकारनेच कामं मोबाइलवर नेली म्हणून.

ई-पीक पाहणी घ्या. २०२१पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात जायचं, ॲप उघडायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा, मग सातबाऱ्यावर पेरा, म्हणजे पिकाची नोंद, चढतो. पेरा नसला की हमीभावाने सोयाबीन विकताना किंवा नुकसानभरपाई मागताना अडतं. पूर्वी हे तलाठी करायचा. आता डोंगराकडच्या गावात रेंज मिळेल त्या टेकाडावर चढायचं, वर पुन्हा ओटीपी. तो येईपर्यंत ॲप बंद! रेशन दुकानातही तेच: अंगठा लावला, मशीनला नेट नाही, "उद्या या". मजुरी सोडून रांगेत आलेल्या बाईचा रोज बुडाला, तो कोण भरून देणार?

कायद्याचं म्हणाल तर केरळ उच्च न्यायालयाने २०१९मध्ये एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालय २०२०मध्ये काश्मीरमधल्या नेटबंदीच्या प्रकरणात थोडं सावध राहिलं. इंटरनेटवरून बोलणं आणि व्यवसाय करणं याला राज्यघटनेच्या कलम १९चं संरक्षण आहे, बेमुदत नेटबंदी चालणार नाही, इतकं सांगितलं. इंटरनेट हाच मूलभूत हक्क आहे का, यावर मत दिलं नाही. फिनलंडने मात्र २०१०मध्येच किमान १ एमबीपीएस वेगाची नेटजोडणी कायदेशीर हक्क केली.

पाण्याविना माणूस मरतो, नेटविना नाही, हे कबूल. पण मग कागदावर अर्ज घेणारी खिडकी तरी उघडी ठेवा.