वाचकांचे प्रश्न : यकृतापर्यंत पोहोचलेला आतड्याचा कर्करोग

प्रश्न : माझ्या आईला (वय ६१) मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले असून सीटी स्कॅनमध्ये यकृतात चार गाठी दिसल्या आहेत. चौथा टप्पा असल्याचे सांगून डॉक्टरांनी लगेच केमोथेरपी सुचवली आहे. नातेवाईक म्हणतात की आता दोन अवयवांचे दोन कर्करोग झाले आणि शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरला नाही. हे खरे मानावे का?

उत्तर : दोन्ही विधाने घाईची आहेत. मोठ्या आतड्यातील बहुतेक रक्त प्रवेशिका शिरेवाटे थेट यकृतात जाते, त्यामुळे मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी सर्वांत आधी बहुधा तेथेच अडकतात आणि वाढू लागतात. त्या गाठींतील पेशी आतड्याच्याच असतात. म्हणून औषधेही आतड्याच्या कर्करोगाचीच द्यावी लागतात आणि यकृताच्या मूळ कर्करोगाविषयी वाचलेले आकडे तुमच्या आईंना लागू होत नाहीत.

चौथा टप्पा याचा अर्थ रोग मूळ जागेपासून दूरच्या अवयवात गेला आहे, एवढाच. त्यात फक्त यकृतात मोजक्या गाठी असलेले रुग्ण येतात, तसेच फुप्फुसे आणि उदरपोकळीपर्यंत रोग पसरलेलेही येतात, आणि या दोघांची वाटचाल सारखी नसते. रोग यकृतापुरताच असेल, तर विचारण्याचा खरा प्रश्न ‘गाठी किती’ हा नसून ‘त्या काढल्यावर निरोगी यकृत किती उरेल’ हा असतो. यकृताची पुन्हा वाढण्याची क्षमता असाधारण असल्याने मूळ यकृत निरोगी असेल तर त्याचा साधारण चौथा हिस्सा उरला तरी काम भागू शकते. केमोथेरपीनंतर मात्र त्याहून थोडा अधिक भाग राखावा लागतो. उरणारा भाग अपुरा वाटल्यास, जो भाग काढायचा आहे त्याकडे जाणारी शीर आधी बंद करून दुसरा भाग काही आठवड्यांत वाढवून घेता येतो. लहान गाठी उष्णतेने जाळणे किंवा त्यांवर नेमका किरणोपचार करणे हेही पर्याय आहेत.

म्हणून माझा आग्रह असा, की केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच यकृताच्या शस्त्रक्रियांचा नियमित अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकाने आईंचे स्कॅन पाहावेत. औषधांनी काही गाठी स्कॅनवर दिसेनाशा होतात, पण त्या जागी जिवंत पेशी अनेकदा शिल्लक असतात, आणि दीर्घकाळ चाललेल्या केमोथेरपीने यकृतही दुखावते. शल्यचिकित्सकाला शेवटी बोलावले तर त्याच्यापुढील निवड आकुंचित झालेली असते. गाठी पूर्णपणे काढता आलेल्या रुग्णांपैकी साधारण चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक पाच वर्षांनंतर हयात असल्याचे अनेक रुग्णालयांचे अनुभव सांगतात. रोग परतण्याचे प्रमाणही मोठे आहे, मात्र परतलेली गाठ पुन्हा काढता येणे अशक्य नसते. निवडक रुग्णांत यकृत प्रत्यारोपणाचाही विचार होऊ लागला आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच नेतृत्वाखालील चाचणीत, शस्त्रक्रियेने गाठी काढणे शक्य नसलेल्या पण रोग यकृतापुरताच राहिलेल्या रुग्णांना केमोथेरपीच्या जोडीने प्रत्यारोपणाचा स्पष्ट लाभ दिसला. मात्र त्याचे निकष अत्यंत कडक आहेत.

बायोप्सीच्या नमुन्यावर रास आणि बीआरएएफ या जनुकांची, तसेच एमएसआय (पेशींतील डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे का, हे सांगणारी) ही तपासणी झाली आहे का, ते विचारा. रासमध्ये बदल नसेल आणि मूळ गाठ डावीकडे असेल, तर सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुम्युमॅब या औषधांचा विशेष उपयोग होतो; बदल असेल तर ती देऊ नयेत. एमएसआयचे प्रमाण उच्च असलेले रुग्ण या टप्प्यात शंभरात चार-पाचच असतात, पण त्यांच्यासाठी केमोथेरपीऐवजी पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे औषध, ही पहिली निवड असते. हे अहवाल यायला काही दिवस लागतात आणि बहुतेक वेळा तेवढी वाट पाहणे परवडते.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाची सहा सत्रे झाली. थंड वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि आता सदऱ्याची बटणे लावतानाही बोटे नीट चालत नाहीत. हे सांगितले तर औषध बंद करतील, म्हणून गप्प आहे.

उत्तर : कृपया गप्प राहू नका. सत्रानंतर काही दिवस थंडीने येणाऱ्या झिणझिण्या अपेक्षितच असतात. पण दोन सत्रांच्या मधल्या काळातही बधिरता टिकून राहणे आणि बोटांची बारीक कामे अडणे, ही मज्जातंतूंना इजा साचत असल्याची खूण आहे. ही इजा औषध थांबवल्यानंतरही काही महिने वाढू शकते आणि काहींत कायमची राहते. अशा वेळी ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून उरलेली औषधे चालू ठेवणे ही प्रस्थापित पद्धत आहे आणि तिच्यामुळे उपचार सोडून दिल्यासारखे होत नाही. ज्या आजारासोबत बराच काळ काढायचा असतो, त्यात हातपाय शाबूत ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे आम्ही डॉक्टरसुद्धा पुरेशा स्पष्टपणे सांगत नाही.

आणखी एक गोष्ट घरातील सर्वांना माहीत असू द्या : केमोथेरपी चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक झाला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. डोळे पिवळे होणे, पोट फुगत जाणे किंवा न थांबणारे जुलाब, हेही त्याच दिवशी कळवावे.

प्रश्न : साखर पूर्ण बंद केली आणि यकृत शुद्ध करणारे काढे घेतले तर गाठी आक्रसतात का?

उत्तर : नाही. साखर सोडल्याने गाठ उपाशी राहत नाही. वजन आणि स्नायू मात्र घटतात आणि पुढचे सत्र सोसण्याची ताकद जाते. काही काढे व वनौषधी यकृताला इजा करतात किंवा केमोथेरपीच्या औषधांच्या कामात अडथळा आणतात. जे काही घेत असाल ते डॉक्टरांना दाखवा; रागावतील या भीतीने लपवू नका.

प्रश्न : बाबांना (वय ७०) आतड्याचा आजार ठाऊक आहे, पण तो यकृतात गेल्याचे आम्ही सांगितलेले नाही. डॉक्टर आता उपशामक उपचारांविषयी बोलतात. हे शेवटचे दिवस समजायचे का? आणि आम्हा भावंडांना धोका आहे का?

उत्तर : उपशामक उपचार म्हणजे वेदना, मळमळ, झोप आणि मनावरचा ताण यांची काळजी, ते केमोथेरपीच्या बरोबरीने, पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकतात आणि तसे व्हावेत हेच उत्तम. बाबांना काय सांगायचे, हे त्यांना वगळून ठरवू नका. ‘तपशील तुम्हाला ऐकायचे आहेत, की आम्ही डॉक्टरांशी बोलून घेऊ?’ असे सरळ विचारा आणि ते जे म्हणतील ते मान्य करा. बहुतेक रुग्णांना अंदाज आलेलाच असतो, आणि सगळ्यांनी चेहरे सांभाळत वावरलेल्या घरात त्यांना मनातले बोलायला कुणी उरत नाही. शिवाय, माहिती नसलेल्या माणसाला कोणता उपचार हवा आणि कोणता नको, हे ठरवताच येत नाही.

तुमच्याबद्दल : हा आजार संसर्गजन्य नाही, पण काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. बाबांच्या गाठीचा एमएसआय अहवाल पाहून लिंच सिंड्रोमची (आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची) शंका आहे का, ते विचारा. तशी असेल तर जनुकीय तपासणी आणि कोलोनोस्कोपी बरीच लवकर सुरू करावी लागते. शंका नसली तरीही पहिल्या नात्यातील व्यक्तींनी (आईवडील, भावंडे, मुले) वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा आजारी नातेवाइकाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. तुमच्यापैकी कोणाचे वय चाळीसच्या पुढे असेल, तर त्यांनी ती आता करून घ्यावी.