काउंट २४,००० असूनही जखमेत जंतू कसे?

भाऊ, डाइंगच्या कारखान्यात वाफेने ३५ टक्के भाजलेल्या तुमच्या धाकट्याचा पांढऱ्या पेशींचा काउंट पहिल्या दिवशी २४,०००, तिसऱ्या दिवशी ३,४००, आठव्या दिवशी परत १८,०००, आणि आता जखमेत जंतू. "एवढ्या पांढऱ्या पेशी आहेत तर त्या करतात काय?" हा तुमचा प्रश्न. मी सोलापुरात तीस वर्षं लॅबमध्ये स्लाइडी वाचल्या, डॉक्टर नाही. औषधाचं त्यांनाच विचारा, काउंटचं मी सांगते.

पहिल्या दिवशीचा आकडा फसवा असतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला टेकून बसलेल्या पेशी ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोन्समुळे सुटून प्रवाहात येतात, बोन मॅरोही, म्हणजे हाडातला पेशी बनवणारा मगज, होता तो साठा सोडून देतो. तिसऱ्या दिवशी त्यातल्या बऱ्याच जखमेत नि फुफ्फुसात जाऊन अडकलेल्या असतात. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम चालू असेल तर याच दिवसांत काउंट उतरलेला मी कितीदा पाहिलाय. बहुतेक वेळा आपोआप वर येतो. तेवढ्यावरून मलम बंद करा म्हणून भांडू नका.

खरी गोष्ट स्लाइडवर दिसते. चांगल्या न्यूट्रोफिलचं, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीचं, केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं, मधे बारीक दोरा. खूप भाजलेल्या पेशंटच्या स्लाइडवर ते घोड्याच्या नालासारखं नुसतं वाकलेलं, आत जांभळे जाड दाणे. म्हणजे पेशी पिकायच्या आधीच बाहेर ढकलल्यात. त्या जंतूच्या मागावर नीट जात नाहीत. गेल्या, गिळलं, तरी आत मारायची ताकद कमी. माग खडखडतोय पण धोटा पलीकडे पोचत नाही, तसं. वर आपली रसायनं भलतीकडेच, फुफ्फुसात वगैरे, ओकून तिथलं नुकसान करतात ते वेगळंच. लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात, आणि मोनोसाइट या तिसऱ्या प्रकारच्या पेशींवरची, जंतूची ओळख पटवून देणारी एचएलए-डीआर ही खूण उतरते.

हे होतं कशाने? फुटलेल्या पेशींतून मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचे, तुकडे रक्तात येतात. मायटोकॉन्ड्रिया मुळात जंतूंच्याच वंशातले, त्यामुळे शरीराला वाटतं जंतू शिरले. हायवेवरच्या अपघातात मांडी चिरडली तरी हेच होतं. मेलेली कातडी अंगावर आहे तोवर हा खोटा भोंगा वाजतच राहतो. डॉक्टर ती लवकर काढून ग्राफ्ट (चांगल्या कातडीचा तुकडा) लावू म्हणतायत त्यामागे हेही एक कारण आहे, उगाच "आत्ताच कशाला ऑपरेशन" म्हणून अडवू नका.

आणि एकूण काउंटवर जीव टांगू नका. अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ साली भाजलेल्यांच्या सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या) निकषांतून काउंट काढूनच टाकला, कारण तो असाही वाढलेलाच असतो. प्लेटलेट एक लाखाखाली, साखर अचानक वर, नळीतून दिलेलं पचेना, असं काही झालं की सिस्टरना लगेच सांगा. जखमेचा रंग-वास बदलला, पेशंट बरळायला लागला, तरीही.

खाण्यात प्रथिनं: वजनाच्या दर किलोला दिवसाला दीड ते दोन ग्रॅम लागतात. नारळपाण्याने ते भरत नाही. आणि आख्खी गल्ली भेटायला येतेय ती आधी थांबवा. वाईटपणा माझ्या नावावर घाला हवं तर.

पुढचा रिपोर्ट आला की डिफरन्शियल (कुठल्या पांढऱ्या पेशी किती टक्के) आणि प्लेटलेट इथे टाका, नुसता टोटल काउंट नको.